गर्दीची बातमी, गाण्याची नाही

चैत्र लागला की मराठी वाहिन्यांवर एक ठरलेली बातमी येते. कुठल्यातरी गावची जत्रा, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, पुढे घुसलेली पोरं, मोडलेल्या खुर्च्या, पोलिसांचा लाठीमार. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून तर राजकीय नेत्यांपासून ज्येष्ठ लावणी कलावंतांपर्यंत सगळेच बोलले. अश्लील काय, लावणी कशाला म्हणायचं, संस्कृती कुठे चालली, यावर संध्याकाळच्या संध्याकाळ खर्ची पडल्या. त्या सगळ्या चर्चांमध्ये प्रेक्षकाला कुणी बोलावलं नाही. पडद्यावर त्याची गर्दी तेवढी दिसत राहिली. तो कुठून आला, आधी काय काय ऐकलंय, त्याला त्यातलं काय कळतं, हे विचारायला त्याच्यासमोर कुणी माइक धरला नाही.

मी राहते बोल्टनला, इंग्लंडच्या उत्तरेकडे. इथून विगन हे गाव अगदी जवळ. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीनं विगनमध्ये रात्रभर जागणाऱ्या पोरांकडे नेमकं याच नजरेनं पाहिलं होतं. ती हकिकत मराठी वाचकाला सांगावीशी वाटते, कारण 'तिकडे लोक कलेची कदर करतात' हे आपलं लाडकं वाक्य तिच्यापुढे टिकत नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेत, डेट्रॉइट-शिकागोसारख्या शहरांत, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं यश बघून शेकडो लहान कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांच्या 'सोल' संगीताच्या रेकॉर्ड काढल्या. बहुतेक चालल्या नाहीत. शे-पाचशे प्रती खपल्या, बाकीच्या गोदामांत पडून राहिल्या. याच न चाललेल्या गाण्यांवर उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या, खाणी आणि कारखान्यांत राबणाऱ्या पोरापोरींनी जीव टाकला. मँचेस्टरचा 'ट्विस्टेड व्हील' हा क्लब त्यांचं पहिलं मोठं ठिकाण. डेव्ह गोडिन हा लंडनमधला रेकॉर्ड-दुकानदार आणि स्तंभलेखक. फुटबॉलचे सामने बघायला लंडनला येणारी उत्तरेकडची पोरं नवं काही मागत नाहीत, जुन्या वेगवान ठेक्याच्या रेकॉर्डच मागतात, हे त्याच्या ध्यानात आलं. दुकानात त्यांच्यासाठी तो जे 'नॉर्दर्न सोल', म्हणजे उत्तरेकडचं सोल, म्हणत असे, ते १९७० मध्ये त्याच्या स्तंभात छापून आलं आणि तेच नाव चिकटलं.

'विगन कसिनो' हा नाचाचा क्लब सुरू झाला २३ सप्टेंबर १९७३ला. नावावरून वाटतं तसा तिथे जुगार नव्हता आणि रात्रीच्या कार्यक्रमात दारूही मिळत नसे. शनिवारची रात्र उलटून दोन वाजले की दार उघडायचं आणि सकाळी आठपर्यंत नाच. शेवटची तीन गाणी दर वेळी तीच. ती वाजेपर्यंत कुणी घरी जात नसे.

पत्रकार तिथे पोहोचले ते पोलिसांच्या पाठोपाठ. जागरणासाठी अॅम्फेटामिनच्या गोळ्या घेतल्या जात, त्यासाठी औषधांची दुकानं फोडली जात. हे सगळं खरं होतं आणि त्यात काही पोरं आयुष्यातून उठली. स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या 'गोल्डन टॉर्च' क्लबाला १९७३ मध्ये परवानाच नाकारला गेला. या बातम्या खोट्या नव्हत्या. पण त्यांतून वाचकाच्या मनात जे चित्र उभं राहिलं, त्यात संगीताला जागाच नव्हती.

मग टीव्ही आला. १९७५ मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमात विगनचं नाव लावलेल्या दोन रेकॉर्ड झळकल्या, त्यातल्या एकीबरोबर नाचणारी पोरंही दाखवली. घरोघरी लोकांना दिसल्या त्या गिरक्या, उड्या आणि ढगळ पायघोळ विजारी. कसिनोत दर आठवड्याला जाणाऱ्यांना ही गाणी आपली वाटलीच नाहीत. १९७७ मध्ये ग्रॅनाडा टीव्हीसाठी टोनी पामर यांनी अर्ध्या तासाचा माहितीपट केला. कॅमेरे आत येऊ देऊ नका, असं नियमित येणाऱ्या अनेकांचं म्हणणं होतं. पामर यांनी नाचाच्या मध्ये मध्ये गिरण्यांची, कष्टकऱ्यांची जुनी दृश्यं पेरली. अर्थ असा की यांचं जगणं भकास, म्हणून ही शनिवारची सुटका. आज तो माहितीपट पाहताना मला दोन्ही गोष्टी जाणवतात. आतलं चित्रण फार थोडं उरलंय, त्यामुळे तो अमोल आहे. आणि तरीही त्यातल्या पोरांना स्वतःची आवड असते, त्या आवडीमागे निवड असते, हे तो धड सांगत नाही. गरिबानं गाणं ऐकलं की ते दुःख विसरण्यासाठीच, हा समज मराठी लेखणीतही खोल मुरलेला आहे.

माझ्या प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम केलेली एक बाई सोळाव्या वर्षापासून कसिनोत जायची. आता ती निवृत्त झालीय. तिच्याबरोबर मी इथल्या एका सोशल क्लबातल्या सोल नाइटला जाते. लाकडी फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरलेली असते, पाय सहज घसरावा म्हणून. चामडी तळव्याचे बूट पिशवीतून आणून तिथे घालतात. जोडीनं नाचत नाहीत, जो तो आपल्यापुरता नाचतो. फरशीवर ग्लास घेऊन कुणी पाऊल टाकलं तर चारजण डोळे वटारतात. भिंतीलगतच्या टेबलांवर सात इंची रेकॉर्डच्या पेट्या मांडलेल्या असतात आणि माझ्या लेखी खरा कार्यक्रम तिथे चालतो. पेटीतून एकेक रेकॉर्ड उपसत साठी-सत्तरीची माणसं बोलत असतात: हा गायक कुठला, ड्रम कुणाचा, ही डेट्रॉइटची प्रत की नंतर इंग्लंडमध्ये छापलेली, मागच्या बाजूचं गाणं जास्त चांगलं का. यातला एकजण आयुष्यभर बेकरीत कामाला होता. संगीतावर त्याला एक ओळ लिहायला कुणी सांगितलेलं नाही, पण शिकागोच्या एका लहानशा कंपनीनं काढलेल्या रेकॉर्ड तो क्रमांकासह सांगतो.

हे ज्ञान कसं जमा झालं, हीच तर बातमी होती. दुर्मिळ रेकॉर्डसाठी पोरं पैसे साठवून अमेरिकेला गेली, तिथली गोदामं धुंडाळली. हाती लागलेलं गाणं दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून लेबलावर खोटं नाव चिकटवायची रीत पडली. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ची रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली, प्रती नष्ट झाल्या. त्यातून वाचलेली एक प्रत इंग्लंडला आली आणि आधी भलत्याच गायकाच्या नावानं वाजली. २००९ मध्ये वाचलेल्या दुसऱ्या एका प्रतीला २५ हजार पौंडांच्या वर किंमत आली. पैशाचा हा आकडा सगळ्यांनी छापला. ते गाणं कुणी, कसं ओळखून उचललं, ते फार थोड्यांनी.

आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांतून सुटली. ज्यांना स्वतःच्या देशानं विसरून टाकलं, त्या कृष्णवर्णीय गायकांना या गोऱ्या कामगार पोरांनी शोधून काढलं, मंचावर बोलावलं. एडविन स्टार तर इंग्लंडलाच स्थायिक झाले आणि २००३ मध्ये इथेच वारले. यात सगळंच गोड होतं असं नाही. गाणं खूप वर्षं वाजत राहिलं, पण अनेक गायकांना त्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण नाचणाऱ्यांसाठी स्वस्तातल्या बेकायदा प्रतीही सर्रास निघत. यावर एखादी चांगली शोधबातमी झाली असती. पण ती लिहायची तर आधी गाणं माहीत हवं.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. नारायणगाव जवळच, म्हणजे तमाशाची पंढरी. सुगीनंतर तिथे फडांच्या राहुट्या पडायच्या, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी ठरवायला यायचे. आम्हा मुलींना तमाशाला जायची मुभा नव्हती. घरी येऊन मामा आणि त्यांचे मित्र जे बोलायचे, तेवढंच कानावर पडायचं. आणि ते बोलणं बोल्टनच्या पेटीपाशी चालतं त्याच जातीचं असायचं. अमक्या फडाची गवळण फिकी झाली, बतावणीत (विनोदी संवादांत) सोंगाड्यानं नवं काही काढलं नाही, वग (तमाशातलं नाटक) मात्र पहाटेपर्यंत हलू देईना, ढोलकीवाला बदललाय म्हणून लावणीचा ठेका बसत नाही. हे बोलणारे शेतकरी होते, एक एसटीत वाहक होता. विठाबाई नारायणगावकरांच्या कुठल्या वर्षीच्या कुठल्या वगात काय होतं, याची त्यांच्यात भांडणं लागायची. यांना वर्तमानपत्रात नाव होतं 'आंबटशौकीन'.

दोन्ही गोष्टी मी एकसारख्या करत नाही. विगनच्या फरशीवर मुली स्वतःसाठी नाचत होत्या, रात्री एकट्यादुकट्या बस-रेल्वेनं येत होत्या आणि माझी मैत्रीण सांगते की त्या फरशीवर तिला कुणी कधी त्रास दिला नाही. तमाशाच्या तंबूत बाई मंचावर आणि पैसा उधळणारा पुरुष समोर. मंचावरच्या बायका कुठल्या जातींतून आल्या आणि दौलतजादा करणारे कोण होते, हे महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे जत्रेतल्या धिंगाण्यावर टीका करणाऱ्या बाईचं म्हणणं मला पटतं. नाचणाऱ्या मुलीच्या अंगावर धावून जाणाऱ्याची बातमी झालीच पाहिजे, त्याच्यावर गुन्हाही दाखल झाला पाहिजे. माझी तक्रार अशी की त्या एकाच्या नावावर शेजारच्या पाचशेजणांना जमा करतात आणि मंचावरच्या मुलीची कलाही त्यातच बुडते. तिच्या मागे ढोलकी कोण वाजवत होतं, हे मी आजवर एकाही बातमीत वाचलेलं नाही.

आता बदल झालेला दिसतो, तोही तपासून पाहायला हवा. २०२३च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात, वाद्यवृंदासह नॉर्दर्न सोलची संध्याकाळ झाली. स्टुअर्ट मेकोनी या निवेदकानं ती आखली होती आणि तो विगनमध्येच वाढलेला. बीबीसीसाठी यावर माहितीपट करणारा पॉल मेसन विगनशेजारच्या ली गावचा, अर्थकारणाचा नामवंत पत्रकार आणि स्वतः कसिनोत नाचलेला. नजर बदलली ती माणसं बदलल्यामुळे. ज्यांच्या अंगाला त्या फरशीची पावडर लागली होती, ते बातमी ठरवणाऱ्या खुर्चीत बसले. पण तोवर विगन कसिनो १९८१ मध्ये बंद झाला होता, पुढच्याच वर्षी इमारत जळाली होती आणि आज त्या जागी खरेदी-संकुल आहे. कौतुक आलं ते पुष्पचक्रासारखं. मधली चाळीस वर्षं हे संगीत कुणी जपलं? चाहत्यांनी फोटोकॉपी करून काढलेल्या अंकांनी, हौशी संग्राहकांनी, १९८२ पासून जुनी गाणी रीतसर हक्क घेऊन पुन्हा काढणाऱ्या केंट या लहान कंपनीनं. वर्तमानपत्रांनी नव्हे.

आपल्याकडेही पुष्पचक्राची सोय आहे. विठाबाईंच्या नावानं सरकारी पुरस्कार आहे, महोत्सवात शाल-श्रीफळ आहे, अग्रलेखात 'लोककलेचा समृद्ध वारसा' आहे. जिवंत फडाचा नवा वग कसा आहे, त्याचं परीक्षण मात्र नाटकाच्या परीक्षणाशेजारी येत नाही. पुण्या-मुंबईच्या वृत्तसंपादकांमध्ये तमाशाच्या तंबूत जमिनीवर बसून रात्र काढलेले किती असतील? असतील तर त्यांनी ते उघड सांगावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. इथे तेवढ्यानं खूप फरक पडला.

माझा भाचा नगर जिल्ह्यात एका दैनिकाचा वार्ताहर आहे. मागच्या हंगामात त्यानं जत्रेतल्या हाणामारीची बातमी दिली आणि मला पाठवली. मी त्याला फोनवर विचारलं, "वग कुठला होता रे?" तो म्हणाला, "मावशी, डेस्कनं जखमी किती ते विचारलं, वग कुणी नाही विचारला." राग त्याचा नाही, तो दिवसाला चार बातम्या देतो, गाडीचं पेट्रोलसुद्धा स्वतःच्या खिशातून घालतो.

आता येत्या हंगामात तो राहुट्या पडल्यावर नारायणगावला जाणार आहे. आम्ही दोघांनी मिळून प्रश्न काढलेत. यंदा वग कुणी लिहिला आणि लेखकाला काय मिळालं. ढोलकीवाला कुणाकडे शिकला. कुठल्या गावचे प्रेक्षक अवघड मानले जातात आणि का. सुपारीचा आकडा गेल्या पाच वर्षांत कसा हलला. मुलींच्या सुरक्षेसाठी फडमालक काय करतो आणि पोलीस काय करतात. पहिल्या रांगेत बसणारी म्हातारी माणसं किती वर्षं येतायत आणि त्यांच्या मते सध्या सगळ्यात चांगली बतावणी कुणाची. डेस्कनं त्याला चारशे शब्द दिलेत. मी त्याला म्हटलं, बाराशे लिही आणि भांड.