मोठा एक राउटर की मध्यम दोन? गंगावेशीत रंगलेला वाद

कोल्हापूरच्या अण्णांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या इंटरनेटचं गिऱ्हाईक दोन हजारांवर गेलंय, रात्री नऊनंतर जुना राउटर गुदमरतोय, तर आता एकदाच दणकट यंत्र घ्यायचं आणि पाच वर्षं तिकडं वळून बघायचं नाही. एका डीलरनं त्यांना ज्युनिपर कंपनीचा वापरलेला एमएक्स ८० राउटर दाखवला होता. नव्याच्या मानानं भाव अगदीच कमी. "नाव बघ की गड्या. मोठमोठ्या कंपन्यांत हेच चालतंय," अण्णा म्हणाले.

अण्णा मूळचे केबलवाले. आता छोट्या भागात इंटरनेट द्यायचं सी कॅटेगरीचं लायसन आहे, शिवाजी पेठेत कंट्रोल रूम आहे. बंड्या पुण्यात एका कंपनीच्या नेटवर्कवर रात्रपाळी करतो, सुट्टीला आला होता. मास्तर पॉलिटेक्निकला शिकवतात. मी छोट्या ऑपरेटरांचे राउटर लावून देतो. गंगावेशीत धारोष्ण दुधाचे ग्लास हातात आले आणि बंड्यानं सुरुवात केली.

"अण्णा, अपस्ट्रीम, म्हंजे वरनं नेट देणाऱ्या लाइनी, किती हायत तुमच्याकडं? एकच न्हवं? मग त्या मशीनचं करणार काय? त्याची दहा जीबीची चार पोर्टं एक्सएफपीची, म्हंजे जुन्या साच्याची. तुमच्या ओएलटीला (घराघरात फायबर वाटणाऱ्या यंत्राला), स्विचला सगळं एसएफपी प्लस, नव्या साच्याचं. मॉड्यूल वेगळे घ्या, गेले की हुडकत बसा. आणि सपोर्टचा करार नसला की नवं सॉफ्टवेअर न्हाई."

मास्तरांना हे पटलं नाही. "अरे, पण पॅकेट पुढं ढकलायचं काम त्यात चिप करते, सीपीयू नाही. दहा जीबीपीएसमध्ये मोठी १५०० बाइटची पॅकेटं सेकंदाला आठ लाखांच्या आसपास जातात. तीच ६४ बाइटची असली तर १ कोटी ४८ लाख. स्वस्त राउटरच्या जाहिरातीत पहिल्या हिशोबाचा आकडा असतो. डीडॉस, म्हणजे फालतू पॅकेटांचा भडिमार, आला की दुसरा हिशोब लागतो."

मास्तरांचा हा मुद्दा खरा आहे आणि तो डोक्यात ठेवूनच डेटाशीट वाचावी. पण एमएक्स ८०च्या बाजूनं तो पुरेसा नाही. त्याचा कंट्रोल सीपीयू जुना आणि मंद आहे. आयपीव्ही४चं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचं, जगाचं पूर्ण राउटिंग टेबल (कुठला पत्ता कुठल्या वाटेनं याची यादी) आता दहा लाखांच्या घरात गेलंय, ते शिकायला त्याला बराच वेळ लागतो. आणि एकच अपस्ट्रीम असलेल्याला ते टेबल लागतच नाही, 'सगळं याच वाटेनं पाठव' असा एक डिफॉल्ट रूट पुरतो. अण्णा ज्या कामासाठी पैसे मोजणार होते ते काम त्यांच्याकडं नाहीच.

त्यांच्याकडं कामं आहेत ती पीपीपीओई (गिऱ्हाइकाचं लॉगिन), स्पीडची मर्यादा आणि नॅट (एक पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटणं). दम लागतो तो इथं.

नॅटचंच घ्या. एका पब्लिक पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट. पहिले १०२४ सोडले की ६४,५१२ उरतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला १००८ पोर्टांचा ठोकळा दिला तर एका पत्त्यावर बरोबर ६४ घरं बसतात. म्हणजे दोन हजार घरांना ३२ पत्ते. अण्णांकडं २५६ आहेत, चिंता नाही. चिंता आहे ती कुठला पत्ता आणि पोर्ट कधी कुणाकडं होतं याच्या नोंदींची. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर लायसनप्रमाणं या नोंदी किमान दोन वर्षं सांभाळाव्या लागतात. त्यासाठीचा सर्व्हर आणि डिस्क राउटरच्या बजेटमध्ये कुणी धरतच नाही. धरायला पाहिजे.

म्हणून मी आयपीव्ही६चा, म्हणजे पत्त्यांचा तुटवडा नसलेल्या नव्या पद्धतीचा, विषय काढला. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स तिकडून गेले की त्यांना नॅट लागत नाही. राउटरवरचं ओझं उतरतं, नोंदी घटतात. नवं यंत्र न घेता मिळणारी ही ताकद आहे.

"आणि गिऱ्हाइकाकडचा जुना ओएनयू, घरातली फायबरची पेटी, ते घेतोय काय?" अण्णांनी विचारलं. बरेच जुने घेत नाहीत, हे खरं. जसजसे बदलतील तसतसं करायचं, असं ठरलं.

मग मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर गाडी आली. सीसीआर २११६, सोळा कोअर, १६ जीबी रॅम, चार एसएफपी प्लस पोर्टं, किंमत लाखाच्या घरात. बंड्याला तेच पाहिजे होतं. मास्तर म्हणाले, "२०१८ मध्ये विनबॉक्सचं, म्हणजे मायक्रोटिक लांबून चालवायच्या प्रोग्रॅमचं, भोक सापडलं तेव्हा किती मशीन फुकट गेली, आठवतंय का?" आठवतंय. दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली होती. ज्यांनी अपडेट केलं नाही आणि विनबॉक्सचं पोर्ट जगाला उघडं ठेवलं, त्यांना त्याचा फटका बसत राहिला. ते पोर्ट, ८२९१, बाहेरून बंद ठेवायचं. अशी शिस्त कुठल्याही राउटरला लागते.

त्यापेक्षा मला भीती फास्टट्रॅकची, म्हणजे पॅकेटं बरीचशी तपासणी टाळून पुढं सोडायच्या सोयीची, वाटते. तो चालू केला की सीपीयू एकदम खाली येतो आणि माणूस खूश होतो. पण त्यातून गेलेलं ट्रॅफिक सिंपल क्यूला, म्हणजे स्पीडची मर्यादा लावणाऱ्या रांगेला, वळसा घालून जातं. पन्नास एमबीपीएसचा प्लॅनवाला वाटेल तेवढं ओढतो आणि अपस्ट्रीम भरून जातो. मर्यादा राउटरवरच सिंपल क्यूनं लावायची असेल तर फास्टट्रॅक बंद ठेवूनच क्षमता मोजावी.

जुन्या सर्व्हरवर लिनक्स आणि ॲक्सेल-पीपीपी हे पीपीपीओईचं सॉफ्टवेअर टाकायचं मास्तर सुचवत होते. स्वस्त आहे, ताकदही आहे. पण मध्यरात्री बिघडलं तर अण्णांच्या दोन पोरांपैकी कोण बघणार? विषय तिथंच संपला.

माझा आग्रह एका गोष्टीवर होता. कुठलंही घ्या, एकच घेऊ नका. वळवाच्या पावसात अण्णांचा एक स्विच गेला होता. गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलची सगळी पोर्टं काळी पडली, प्लॅस्टिक वितळून कनेक्टर आत चिकटला. शेजारची फायबरची पोर्टं शाबूत. स्विच गल्लीतल्या गल्लीत मिळाला. राउटर मिळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. त्या दिवसांत पुण्याहून राउटर कोण आणणार? आणि नेमकं तेव्हाच लोकांना पाणी कुठवर आलंय हे बघायला नेट पाहिजे असतं. बदली यंत्र कोल्हापुरातच, वीज जोडलेलं, चालू पाहिजे.

पीपीपीओईत हे सोपं आहे. गिऱ्हाइकाचा राउटर आधी हाक मारतो, त्याच व्हीलॅनवरची (एकाच आभासी नेटवर्कमधली) दोन्ही यंत्रं ओ देतात, तो एकाला धरतो. धरलेलं बंद पडलं की पुन्हा हाक मारतो आणि दुसऱ्यावर जातो. दोन सीसीआर घ्यायचे, प्रत्येकावर पब्लिक पत्त्यांचा आपला वेगळा ठोकळा, रोज भार अर्धा-अर्धा. एक पडला तर गिऱ्हाइकाचं मिनिट-दोन मिनिटं अडेल.

"आणि एकाला दोघांचं वजन झेपंल?" अण्णांनी मोबाइलवर ग्राफ उघडला. पावणेदहा वाजले होते, रेषा पाच जीबीपीएसला टेकलेली. हा प्रश्न डेटाशीट सोडवणार नाही. आल्यावर शनिवारी रात्री साडेनऊला एक मुद्दाम बंद करायचा आणि दुसऱ्याचा प्रत्येक कोअर बघायचा. एखादाच शंभरावर आणि बाकी निवांत असतील तर क्यू नाहीतर फायरवॉलची मांडणी चुकली. सगळेच भरले तर तिसरा घ्यावा लागेल.

बंड्यानं शेवटी एक आठवण करून दिली. १५ जून २०२१ पासून लायसनवाल्याला नेटवर्कमध्ये नवं यंत्र जोडायचं तर ते सरकारच्या ट्रस्टेड टेलिकॉम पोर्टलवरून मान्य झालेलं लागतं. डीलरकडच्या जुन्या एमएक्सचं ते कसं करणार, याचं उत्तर मास्तरांकडंही नव्हतं. सीसीआरसाठी अर्ज अण्णा सोमवारी टाकणार आहेत, आणि मान्यता येईपर्यंत कुणालाही ॲडव्हान्स द्यायचा नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलंय.