साडेसत्तेचाळीस

53.5 आणि 56.5 यांची सरासरी 55 येते, हे मलाही कबूल आहे. तरी काका चुकलेच होते. आणि दारव्ह्याच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात हे माझ्याशिवाय एकालाही पटलं नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

लाईन गेलेली. माझी मार्कशीट काउंटरवर, मी बाकड्यावर. शेजारी एक खेडा खरेदीवाले काका, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणारे, गालात खर्रा. त्यांनी कोणाला न विचारता मार्कशीट उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

“बाराशेपैकी सहाशे बेचाळीस. साडेत्रेपन टक्के. कायचे व्हय हे?”

“एम.ए. इतिहास. तीन सेमिस्टरचे.”

“अन् पाह्यजे किती?”

“पंचावन्न. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला लागतात, खुल्या गटाला.”

“मंग सोपं हाय ना बावा. दीड टक्का कमी पडून राह्यला, चौथ्यात दीड जास्त पाड. साडेछप्पन. झालं बरोबर.”

बाकड्यावरच्या दोन-तीन माना हलल्या. मी पेन काढला. एकूण 1600 मार्क, त्याचे 55 टक्के 880, त्यातून 642 गेले, उरले 238. चारशेपैकी 238, म्हणजे 59.5 टक्के. काकांनी कागद उलटा करून पाहिला, मागं काही लपवलंय का म्हणून.

“साडेचार टक्के कुठून आले? कमी तं दीडच हाय.”

आता मी त्यांच्याच धंद्यात शिरलो. “काका, तीन गाड्या कापूस जिनिंगला क्विंटलमागं दीडशे रुपये कमी भावानं गेला. तेवढाच माल चौथ्या गाडीत. नुकसान भरून काढायला ती कितीनं चढून विकाल?”

“साडेचारशानं,” खर्रा या गालातून त्या गालात न नेता काका म्हणाले. “हे तं पोट्टं बी सांगन.”

“मग मार्कांचं तेच झालं.”

“मार्क म्हंजे कापूस हाय काय बे!”

दुकान हसलं. मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण त्या 238 मध्ये 48 इंटर्नलचे आधीच आलेत, बाकी 190 चार पेपरांत काढायचे, ऐंशीपैकी साडेसत्तेचाळीस प्रत्येकी, हेही मी बोलून बसलो.

“अर्धा मार्क कोन देते?”

“दोन पेपरात सत्तेचाळीस, दोनात अठ्ठेचाळीस.”

“मंग तसं सांग ना! अन् इंटर्नल विसापैकी किती दिले?”

“चारी पेपरात बारा.”

“बारा? सरकारी कापूस खरेदीवाली सीसीआय बी बारा टक्क्यांपर्यंतच ओलावा चालवते. त्याच्या वर गेला का माल वापस.”

इथं मात्र मला हसू आलं नाही. कारण ते बारा सगळ्या वर्गाला आहेत. मी रात्र रात्र बसून स्वाध्याय लिहिला, त्याला बारा. ज्यानं वहीही उघडली नाही, त्यालाही बारा. सोळा दिले असते तर पेपरात साडेत्रेचाळीसवर भागलं असतं. आणि चिडायचं तरी कोणावर? देणारे सर स्वतः नेट पास, पीएच.डी., तासिका तत्त्वावर. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मानधन येईल तेव्हा येईल. म्हणजे मी जीव काढून जी पायरी चढायला निघालोय, तिच्यावर सर मोटारसायकल घेऊन उभे आहेत, आणि तिथून मला बारा देतायत.

“चोपन पूर्णांक नव्व्यान्नव आले तं?” काकांनी पुन्हा धरलं.

“नाही चालत. नियमातच आहे, पूर्णांकात करायचं नाही.”

“कमाल हाय. आम्ही अडतीत सुटे पैसे सोडून देतो. दिल्लीवाल्यायले एवढं बी सुटत नाही?”

या मुद्द्यावर पहिल्यांदाच आमचं एकमत झालं, आणि नेमकी तेव्हाच लाईन आली. काकांनी आधी आपला सातबारा मशीनवर सरकवला, पैसे दिले, आणि जाता जाता दुकानदाराला म्हणाले, “पोरगं हुशार हाय बावा. फक्त हिशोबात कच्चं हाय.”

संध्याकाळी घरी पोचलो तर बाबा ओसरीवर बसलेले. काकांची गाडी माझ्या एस.टी.च्या आधी गावात येऊन गेली होती.

“काय रे, साधा दीड टक्का निंगत नाही म्हनते तुले?”