पुन्हा तेच 'सिन्स फाइव्ह इयर्स'!

"आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." आज तपासायला आलेला हा तिसरा अर्ज, आणि तिसऱ्यातही तेच! डोकं फिरतं अगदी. अहो, सिन्सला सुरुवातीचा क्षण लागतो: सिन्स २०१९, सिन्स मंडे. किती काळ ते सांगायचं तर फॉर: आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.

चूक का होते तेही कळतं. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं, 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून'. पण एवढी एक गोष्ट वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवताना कुणी समोर बसवून सांगत का नाही? रिकाम्या जागा भरायला लावतात, मार्क कापतात, संपलं!

आणि ते यस्टरडे! "आय हॅव सेंट द मेल यस्टरडे." आपण 'काल पाठवलाय' म्हणतो, म्हणून हॅव घुसतं. यस्टरडे आलं की नुसतं आय सेंट. हॅव हवंच असेल तर यस्टरडे काढा, ऑलरेडी घाला. मी लाल खुणा करते, समजावते, माणूस मान डोलावतो. आणि संध्याकाळी त्याचाच मेल येतो: "आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू अवर्स."