मास्तरांच्या गाडीतील सेव्हन डी मॅट

आषाढात डिचोलीच्या आमच्या कट्ट्यावरची चर्चा लांबते, कारण पाऊस कोणालाच उठू देत नाही. त्या संध्याकाळी मात्र थोडी उघडीप होती आणि गणिताचे मास्तर गाडीचे चारही दरवाजे सताड उघडे टाकून कट्ट्यावर येऊन बसले होते. गाडी जेमतेम आठ महिन्यांची. परंतु आत डोके घातले, की भिजलेले गोणपाट कोपऱ्यात विसरावे तसा कुबट वास येत होता. मास्तरांनी आधी वास घालवण्याची सुगंधी डबी आणली, मग दुसरी आणली, आणि आता दोन सुगंध आणि एक दुर्गंध असे तिन्ही मिळून गाडीत नांदत होते.

गॅरेज चालवणारा आमच्यातील तरुण मित्र सरळ खाली वाकून मॅटकडे पाहू लागला. मास्तरांनी गाडी घेतल्यावर साडेसहा हजार रुपये मोजून सेव्हन डी मॅट बसवून घेतली होती. ह्या नावाविषयी येथेच सांगितलेले बरे, की थ्री डी, फाइव्ह डी, सेव्हन डी हे कसलेही प्रमाणित वर्गीकरण नसून दुकानांतून रूढ झालेली नावे आहेत. साधारणपणे फोमच्या थरावर कृत्रिम चामडे चिकटवून गाडीच्या तळाच्या आकाराचे एक आवरण तयार करतात, ते दरवाजाच्या उंबरठ्यापर्यंत चढवतात, आणि सेव्हन डी म्हणून विकतात त्यात वरून प्लास्टिकच्या कुरळ्या तारांची, ज्याला दुकानदार ‘ग्रास’ म्हणतो, अशी आणखी एक मॅट टाकतात. दिसायला ते दिवाणखान्यासारखे दिसते, हे मान्यच केले पाहिजे.

“संपूर्ण वॉटरप्रूफ आहे,” मास्तर म्हणाले. “दुकानदाराने माझ्यासमोर त्यावर पाणी ओतून दाखवले होते.”

मित्राने चालकाची सीट मागे सरकवली, उंबरठ्याच्या प्लास्टिक पट्टीखाली खोचलेली आवरणाची कड ओढून काढली आणि खालच्या मूळ कारपेटवर अंगठा दाबला. अंगठ्याभोवती पाणी वर आले. अंगठा उचलताच ते पुन्हा आत गेले. कारपेटवर करड्या बुरशीचे रुपयाएवढे ठिपके होते, आणि एक खरा रुपयाही तेथेच सापडला.

येथून वादाला तोंड फुटले. मास्तरांचे म्हणणे असे, की मॅटमधून पाणी जाऊच शकत नाही, त्यामुळे ते एसीचे असले पाहिजे. ही शंका अगदीच चुकीची नव्हती. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी धूळ-कचऱ्याने तुंबली, की तेच पाणी आत उतरते. परंतु आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते प्रथम डावीकडे, चालकाशेजारी बसणाऱ्याच्या पायाशी दिसते, आणि मास्तरांच्या गाडीची डावी बाजू कोरडी होती. ओल फक्त चालकाच्या बाजूला, तीही सीट आणि दरवाजा यांच्या मधल्या फटीत सर्वांत जास्त. तेथे काय ठेवता, असे विचारल्यावर मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “छत्री.”

शाळेतून येताना मिटलेली, निथळणारी छत्री रोज त्या फटीत उभी राहत होती. सीटच्या रुळांसाठी आवरणाला जेथे कापे दिलेले असतात तेथून आणि शिवणीच्या टाक्यांतून पाणी खाली झिरपत होते. खनिजाच्या टिप्परवर अनेक वर्षे काढलेले दादा इतका वेळ चहा पीत गप्प होते. ते म्हणाले, “मास्तर, वॉटरप्रूफ म्हणजे दोन्ही बाजूंनी वॉटरप्रूफ. वरचे पाणी खाली जाताना वाट शोधते, पण खालची वाफ वर येताना तुमचे चामडे तिला अडवते.”

माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते, आणि ते दादांनी अनुभवाने कमावलेले होते. 2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांचा ट्रक अंगणात उभा राहिला. केबिनच्या पत्र्यावर रबराचा पट्टा होता आणि त्यावर पाय पुसायला गोणपाट टाकलेले होते. खिडकीच्या काचेतून झिरपलेल्या पावसाने ते गोणपाट भिजत राहिले. पुढे केव्हातरी दादांनी ते उचलले तेव्हा रबर शाबूत होते, परंतु त्याच्या काठालगतचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत होता आणि एका जागी तर खालची जमीन दिसत होती. त्यानंतर ते चप्पल बाहेर काढूनच केबिनमध्ये चढू लागले. ट्रकचालकांची ही सवय स्वच्छतेची आहे असे मी आजवर समजत होतो. त्यामागे पत्र्याचीही काळजी असू शकते, हे मला नव्याने कळले.

आमच्यात पर्यटकांची टॅक्सी चालवणारे एक भाई आहेत. त्यांना हे सर्व पटेना. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरून ओल्या पायांनी येणारी गिऱ्हाइके गाडीत किती वाळू आणतात हे तुम्हाला ठाऊक नाही, काळे रबर पाहिले की गिऱ्हाइकाला सरकारी कदंब बसमध्ये बसल्यासारखे वाटते, आणि कुरळ्या तारांच्या मॅटमध्ये वाळू आत पडून वरचा भाग स्वच्छ दिसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे. मात्र ती मॅट ते दिवसातून दोनदा झटकतात, हे त्यांनी ओघात सांगितले. मास्तर वर्षातून दोनदाही झटकणार नाहीत. शिवाय समुद्राच्या वाळूबरोबर मीठ येते, मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाडीचे कारपेट पाऊस नसतानाही पुरते कोरडे होत नाही, असे गॅरेजवाल्या मित्राने सांगितल्यावर भाई थोडे मवाळ झाले. त्यांची एक गोष्ट मात्र कोणालाच खोडता आली नाही: स्वस्त पीव्हीसीच्या मॅट उन्हात उभ्या गाडीत उग्र वास सोडतात. त्यांच्यातील मऊपणा आणणारे द्रव्य उडून समोरच्या काचेवर आतून तेलकट थर धरते आणि मग मॅट कडक होऊन कोपऱ्यांतून वळते. टीपीई म्हणून, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची, मिळणारी मॅट महाग पडते, परंतु तिला वास कमी असतो आणि ती लवचीक राहते.

ह्यावर मास्तरांनी गणित काढलेच. साठ सेंटिमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद अशी मॅट धरली, तर क्षेत्रफळ 2700 चौरस सेंटिमीटर; म्हणजे कडेने एक सेंटिमीटर उंच काठ असला, तरी तिच्यात पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावते. मग तीन-तीन सेंटिमीटर काठाच्या मॅटसाठी जास्त पैसे का द्यायचे? दादांनी शांतपणे विचारले, “आणि चोर्ला घाटात?” वळणावर सगळे पाणी एका कडेला धावते, चढावर मागे जाते. मास्तरांनी हिशेब मागे घेतला.

ह्यानंतर मित्राने जो विषय काढला त्याने थट्टामस्करी थांबली. 2009 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस गाडीचा अपघात होऊन तिच्यातील चौघे मृत्युमुखी पडले. डीलरने तात्पुरती वापरायला दिलेल्या त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती, ती हुकात अडकवलेली नव्हती, आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकून राहिला. त्यानंतर टोयोटाने तेथील सुमारे 38 लाख गाड्यांच्या बाबतीत मॅटच्या ह्या धोक्यासाठी रिकॉल जाहीर केला. हे ऐकताच आम्ही सर्वांनी आपापल्या गाडीतले हूक आठवायचा प्रयत्न केला. माझ्या गाडीत दोन आहेत, आणि त्यांपैकी एकच लावलेला असतो, हे मी तेथे बोललो नाही.

मित्राची कसोटी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून मॅट हाताने पुढे ढकलावी, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडावा आणि तो कोठे अडखळतो का हे पाहावे. तसेच क्लचही पूर्ण दाबावा, कारण जाड मॅटमुळे तो शेवटपर्यंत गेला नाही, तर गिअर घासत पडतो आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो. मास्तरांच्या गाडीत आवरणावर ग्रास मॅट सुटी पडलेली होती. ती ढकलताच तिची कड ॲक्सिलरेटरखाली गेली.

“काढ,” मास्तर म्हणाले.

काढणे मात्र एका ओढीत होण्यासारखे नव्हते. नीट काढायचे तर सीटचे बोल्ट सोडावे लागणार होते, आणि सीटखाली एअरबॅगच्या वायरीचा पिवळा जोड असल्याने ते काम अंधारात कट्ट्यावर करायला मित्राने नकार दिला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सीट उतरवून, कारपेट उचलून, खालचा पाणी प्यायलेला फेल्ट पंख्याखाली वाळवावा लागला. त्याला चार दिवस लागले. मॅट बसवायला दुकानात अर्धा तास लागला होता.

आठवड्याने मास्तर आले ते गाडीत काठाच्या साध्या रबरी मॅट घालून. दोन्ही हूक लावलेले होते, एका हाताने उचलून झटकता येत होत्या, आणि छत्रीसाठी मागे एक प्लास्टिकची बादली होती. फक्त चालकाच्या मॅटवर, ती मळू नये म्हणून, त्यांनी वर्तमानपत्र पसरले होते. दादांनी दरवाजा उघडला, पेडलपाशी सरकलेला तो कागद ओढून काढला, त्याची घडी घातली आणि वाचायला घेतला.