काकू, टाच वळवा!

एकाग्रता वाढवायची असेल तर तायक्वांदो लावा, असं सांगणाऱ्या माणसांनी स्वतः तायक्वांदो कधीच लावलेलं नसतं. मला असा सल्ला देणाऱ्या सगळ्यांचे गुडघे शाबूत होते, यावरूनच मला संशय यायला हवा होता.

माझ्या डोक्यात एक चित्र होतं. डोंगरमाथा, धुकं, पांढऱ्या दाढीचे कोरियन गुरुजी आणि हजारो वर्षांची परंपरा. ‘तायक्वांदो’ हे नाव ठरलं १९५५ साली, आणि त्या पिढीतले बरेच कोरियन उस्ताद तर आधी जपानी कराटे शिकून आलेले होते. म्हणजे नावापुरतं पाहिलं तर ही परंपरा माझ्या आईहून धाकटी. डोंगर नव्हता, धुकंही नव्हतं. होतं ते घामाने चिकट झालेलं मॅट आणि पांढऱ्या दोबोकमधली, म्हणजे तायक्वांदोच्या गणवेशातली, दहा-अकरा वर्षांची पोरं.

दोजांगमध्ये, म्हणजे सरावाच्या हॉलमध्ये, रांग बेल्टवरून लागते, वयावरून नाही. त्यामुळे पांढऱ्या बेल्टवाली मी सगळ्यात मागे, आणि माझ्या पुढे निळ्या बेल्टची एक मुलगी, जिचा पुढचा एक दात अजून यायचा होता. ‘चारयोत’ म्हटलं की ताठ उभं राहायचं, ‘क्युंगन्ये’ म्हटलं की वाकायचं. जोडी लावली की मी तिला वाकून नमस्कार करायचा आणि तिने मला. ती अतिशय गंभीरपणे वाकते. मी वाकते तेव्हा कंबरेतून आवाज येतो, तो सरांना आदराचा भाग वाटत असावा.

सुरुवातीला मिनिटभर डोळे मिटून बसवतात. या एका मिनिटात माझ्या मनाने आजवर गॅस बंद केलाय का, वीजबिल भरलंय का, आणि दहावीतल्या एका मैत्रिणीने मला तेव्हा तसं का म्हटलं असेल, इतका प्रवास केलेला आहे. खरी गंमत डोळे उघडल्यावर सुरू होते.

दोल्यो चागी घ्या, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ. बघताना वाटतं, पाय उचलला आणि मारला. तसं नसतं. आधी गुडघा वर. मग ज्या पायावर उभ्या आहात त्याची टाच समोरच्याच्या दिशेने वळायला हवी, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. टाचेबरोबर कंबर. मग पावलाचा वरचा भाग लागला पाहिजे, बोटं नव्हे. हात हनुवटीपाशी. लाथ बसल्यावर पाय लगेच दुमडून परत. आणि हे सगळं चालू असताना तोंडाने कोरियन आकडे मोजायचे: हाना, दुल, सेत, नेत. मी ‘सेत’ला पोचते तेव्हा हात खाली आलेले असतात. हात वर घेते तेव्हा टाच राहते. मग मागे न बघताच ती निळ्या बेल्टवाली म्हणते, “काकू, टाच वळवा.” तिला कळतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा माझा पाय घासल्याचा आवाज येतो.

पण या घोळात एक गोष्ट मात्र घडते. टाच, कंबर, हनुवटी आणि ‘नेत’नंतर काय, या चौघांनी मिळून डोक्यातली सगळी जागा भाड्याने घेतली की वीजबिलाला उभं राहायलाही जागा उरत नाही. मी मन रिकामं करायला गेले होते. इथे ते इतकं गच्च भरलं की चिंतांना दारातूनच परत जावं लागलं. लोक याला शांती म्हणतात की दमछाक, या वादात मी पडत नाही.

ऑलिंपिकचं विचारू नका. २००० साली सिडनीत तायक्वांदो पदकांचा खेळ झाला. दोन दोन मिनिटांच्या फेऱ्या असतात आणि डोक्याला लाथ लागली की तीन गुण. माझ्या लाथेची उंची बघता, मला ते तीन गुण मिळवून द्यायला समोरच्याला खाली बसावं लागेल.

पूमसे हा त्याहून सभ्य छळ. समोर कोणीच नसतं. ठरलेल्या क्रमाने अडवायचं, मारायचं, वळायचं. पहिल्याचं नाव तेगुक इल जांग. हालचाली अठरा. त्याचं चिन्ह आकाशाचं, तीन अखंड रेषा. दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या एका कोपऱ्यात त्या दिसतात. नियम असा की जिथून सुरुवात केली तिथेच शेवट झाला पाहिजे. माझा शेवट शेजारच्याच्या हद्दीत होतो. सर माझ्या पावलांकडे बघून सांगतात, “दहाव्यानंतर कुठेतरी गेला होतात.” बरोबर असतं. एक पाऊल आखूड पडलं की त्या पावलात कोणता तरी विचार अडकलेला असतो. इतकं अचूक खोटं पकडणारं यंत्र पोलिसांकडे नसेल.

मग ती आरोळी. किहाप. जोरात श्वास सोडला की पोट घट्ट होतं आणि फटक्याला बळ येतं, हे मला पटलं होतं. पण आयुष्यभर हळू बोलायला शिकवलेल्या बाईच्या तोंडून जे निघालं ते “अहो, जरा सरकता का?” या सुरात निघालं. पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

फळी फोडण्याच्या दिवशी सरांनी पाइनची फळी माझ्यासमोर धरली. लाकडाच्या रेषा आडव्या, एक गाठ कोपऱ्यात. “फळीला मारू नका. फळीच्या मागे जे आहे त्याला मारा.” फळीच्या मागे सर होते. मी थांबून विचार केला, पायाने तो ऐकला, आणि लागण्याआधीच पायाचा वेग गेला. फळी जशीच्या तशी, टाच सुन्न. पाय मंदावला की सगळा धक्का पायालाच परत मिळतो, हे शास्त्र टाचेला त्याच क्षणी समजलं. दुसऱ्या वेळी मी सरांचा नाद सोडून फक्त ‘हाना’ ऐकलं. चटकन आवाज झाला आणि फळीचे दोन तुकडे झाले. किहाप राहून गेला होता. तो मी नंतर दिला, तेव्हा खिडकीतलं कबुतर उडालं.

मला वाटलं, झालं, आता पिवळा बेल्ट. सर म्हणाले, “आता तिच्यासाठी तुम्ही धरा.”

फळी धरणं हा वेगळाच अभ्यासक्रम आहे. कोपर ताठ, तळहाताच्या बुडाचा दाब, बोटं बाजूला, आणि हलायचं नाही. समोरून निळा बेल्ट येतोय हे माहीत असताना हलायचं नाही.

“काकू, फळी खाली जातेय.”

मी वर केली.

“काकू, डोळे उघडा.”

मी उघडले. तोवर माझ्या दोन हातांत दोन तुकडे होते आणि ती बेल्टची गाठ आवळत होती.

“आता दोन एकत्र धरता का?”