बॅरी हॅरिस: आधी मास्तर, मग पियानिस्ट

8 डिसेंबर 2021ला अमेरिकन जॅझ पियानिस्ट बॅरी हॅरिस गेले, न्यू जर्सीत, कोविडमुळे, अजून एक आठवडा मिळाला असता तर 92 पूर्ण झाली असती. दरवर्षी या दिवशी त्यांच्यावर चार चांगल्या पोस्ट येतात, त्यात पियानिस्ट म्हणून भरभरून लिहिलेलं असतं आणि शिकवण्याचं मात्र शेवटच्या ओळीत उरकलेलं असतं, आणि मला ते दरवर्षी खटकतं म्हणून आज सविस्तर लिहितेय. माझ्या मते हा माणूस आधी मास्तर होता. पियानो अफाट वाजवायचे यात वादच नाही, पण जॅझवर त्यांचे जे उपकार आहेत ते रेकॉर्डपेक्षा क्लासमधून जास्त आहेत.

जन्म 1929, डेट्रॉइट. आई चर्चमध्ये पियानो वाजवायची, पहिले धडे तिच्याकडेच. तेव्हाचं डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर आणि त्याच शहरात टॉमी फ्लॅनगन, रोलंड हॅना असे एकापेक्षा एक पियानिस्ट तयार होत होते. बॅरी विशी-पंचविशीतच घरी मुलांना शिकवायला लागले. म्हणजे बघा, आधी करिअर मग उतारवयात क्लास असं काही झालेलंच नाही, दोन्ही बरोबरच सुरू झालं. पॉल चेंबर्स, जो हेंडरसन, चार्ल्स मॅकफर्सन हे सगळे त्या घरातून गेलेले आहेत. ही नावं माहीत नसतील तर एवढंच सांगते की यातला एकेक जण नंतरच्या जॅझचा खांब आहे.

यातले मॅकफर्सन सॅक्सोफोन वाजवणारे, त्यांनी सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. ते शाळकरी पोरगं, बॅरींच्या घराजवळच राहायचं. एक दिवस शाळेचं प्रगतिपुस्तक घेऊन आलं, बॅरींनी ते मागून घेतलं आणि बघितलं, मार्क सगळे मधलेच. तर बॅरी म्हणाले की तू अगदी सर्वसाधारण आहेस की रे, आणि तुझे जे हिरो आहेत, सॅक्सोफोनिस्ट चार्ली पार्कर वगैरे, ते सर्वसाधारण नव्हते, हे संगीत वाजवायचं तर डोकं चालवावं लागतं. त्या दिवसापासून पोरगं पुस्तकं वाचायला लागलं. सॅक्सोफोन शिकवणारा माणूस प्रगतिपुस्तक बघतो! त्या काळी जॅझवाले म्हणजे दारू, ड्रग्ज, वाया गेलेले असं लोक धरून चालायचे, आणि इथे एक पियानिस्ट पोराला सांगतोय की अभ्यास कर.

1960ला ते सॅक्सोफोनिस्ट कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या बँडबरोबर बाहेर पडले आणि न्यूयॉर्कला आले. पुढे ट्रम्पेटिस्ट ली मॉर्गनच्या ‘द साइडवाइंडर’वर पियानो त्यांचाच आहे, तो ब्लू नोट कंपनीचा तुफान खपलेला रेकॉर्ड. कोलमन हॉकिन्स, डेक्स्टर गॉर्डन, सगळ्यांबरोबर वाजवलं. एवढ्यावर कुणीही आयुष्यभर मिरवलं असतं. पण साठच्या दशकात हवा बदलत होती, ठरलेली चौकट सोडून वाजवणारं फ्री जॅझ आलं, मग इलेक्ट्रिक वाद्यांचं आलं, आणि बॅरी मात्र पार्कर आणि पियानिस्ट बड पॉवेल, थेलोनियस मंक यांच्या संगीताला, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या बीबॉप नावाच्या वेगवान जॅझला, धरून बसले. याला लोक हट्ट म्हणतात. मला नाही पटत. मला स्वतःला नंतरचं पुष्कळ जॅझ मनापासून आवडतं, त्यांचे नव्या संगीतावरचे काही शेरे मला अजिबात मान्य नाहीत, पण त्यांचं म्हणणं असं होतं की बीबॉपमध्ये जे सापडलंय ते अजून कुणी नीट मांडलेलंच नाही, आधी ते तरी समजून घ्या. आणि ते त्यांनी खरंच मांडून दाखवलं.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे, सोडून जाऊ नका. आपल्या सा रे ग म प ध नी मध्ये एक कोमल धैवत जास्तीचा घाला, झाले आठ सूर. आता एकाआड एक उचला. सा, ग, प, शुद्ध ध, ही झाली सिक्स्थ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर). उरले रे, म, कोमल ध, नी, ही डिमिनिश्ड कॉर्ड. म्हणजे एकाच स्केलमध्ये, सुरांच्या एकाच शिडीत, एक घर आणि एक घराबाहेर पडून परत यायला लावणारी वाट, दोन्ही आहेत. स्केलच्या पायऱ्यांनी कॉर्ड वर सरकवत नेली की आलटून पालटून हीच दोन येतात, स्थिर, अस्थिर, स्थिर, अस्थिर. शिवाय सूर सातच असले की पळताना कॉर्डचे सूर मात्रेवरून घसरतात, आठ झाले की बरोबर मात्रेवर पडतात. अजून एक, डिमिनिश्ड कॉर्ड मुळात तीनच आहेत. त्यातल्या कुठल्याही कॉर्डमधला एक सूर अर्ध्याने खाली आणा, एक डॉमिनंट सेव्हन्थ (घराकडे ओढणारी कॉर्ड) मिळते, चार सुरांच्या चार, तीन चोक बारा, बाराही पट्ट्यांचा हिशोब लागला! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कीबोर्डसमोर वेड्यासारखी हसत बसले होते. शाळा-कॉलेजात जॅझ शिकवतात तेव्हा बऱ्याचदा प्रत्येक कॉर्डला एक वेगळं स्केल चिकटवून देतात आणि विद्यार्थी बिचारा कॉर्ड बदलली की स्केल बदल असं करत धापा टाकतो. बॅरींच्या पद्धतीत कॉर्ड या हालचालीतून जन्माला येतात, म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांचं वाजवणं बोलल्यासारखं वाटतं.

बरं हे सगळं शिकवलं कुठे? 1982ला मॅनहॅटनमध्ये एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी काही मित्रांबरोबर जॅझ कल्चरल थिएटर सुरू केलं. तिथे दारू विकायचे नाहीत. हे लहान वाटतं पण जॅझ क्लबची सगळी कमाई दारूवर, त्यामुळे ही मोठी गोष्ट होती, आणि दारू नाही म्हणून लहान मुलंही येऊन बसू शकायची. दिवसा क्लास, रात्री मैफल. 1987ला ते बंद झालं पण क्लास बंद झाले नाहीत, जागा बदलत चालूच राहिले, अगदी दशकानुदशकं. 1993 मध्ये स्ट्रोक येऊन गेला, तरी चालू. मध्ये मध्ये युरोप, जपान, जिथे बोलावतील तिथे वर्कशॉप.

यूट्यूबवर त्या क्लासचे ढीगभर व्हिडिओ आहेत. पियानोभोवती माणसांची गर्दी, कुणी नवशिका, कुणी नावाजलेला कलाकार, सगळे एकाच घोळक्यात. बॅरी एक ओळ तोंडाने म्हणतात, सगळे वाजवतात, मग पुढची ओळ जागेवर सुचवतात, चुकलं की रागावतात, चांगलेच रागावतात. गाणाऱ्यांचाही क्लास व्हायचा, आणि मैफलीत ते त्या सगळ्यांचा कोरस करून स्टेजवर उभा करायचे. प्रवेश परीक्षा नाही, डिग्री नाही, ये आणि बस. 2020ला सगळं ठप्प झालं तर नव्वदीचा माणूस झूमवर शिकवायला लागला, जगाच्या कुठल्या कुठल्या टोकातून लोक जोडले जायचे.

मंकबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यू जर्सीतल्या वीहॉकेनला हडसन नदीकाठी जॅझ कलाकारांना आसरा देणाऱ्या बॅरोनेस पॅनोनिका यांचं घर होतं, मांजरांनी भरलेलं, तिथे बॅरी राहायचे आणि थेलोनियस मंकही शेवटची वर्षं तिथेच होते, 1982ला जाईपर्यंत. मंकनी त्या काळात पियानोला हात लावणं जवळजवळ सोडलं होतं. पण एकदा बॅरी वाजवत होते, मंक येऊन बसले आणि एकच गाणं दोघं आळीपाळीने वाजवत राहिले, एक आवर्तन याचं एक त्याचं, कितीतरी वेळ. ही आठवण बॅरींनीच सांगितलेली. एवढं ज्याच्या वाट्याला आलं त्याने ते जपून ठेवलं असतं तरी चाललं असतं. यांनी जे जे ऐकलं, कळलं ते आठवड्याच्या क्लासमध्ये आणून वाटून टाकलं.

आपल्याकडे काय, तिकडे काय, "क्लास घेतो" म्हटलं की लोकांना वाटतं याला मैफली मिळत नसाव्यात. मला ही समजूत डोक्यात जाते. बॅरींना मैफली कमी नव्हत्या, मानही मिळाला, 1989ला अमेरिकेचा जॅझ मास्टर हा सन्मान मिळाला, आणि तरी ते हजारोंना शिकवत बसले कारण त्यांना ते तितकंच मोठं काम वाटत होतं. त्यांचे विद्यार्थी आज जगभर त्याच पद्धतीने क्लास घेतायत, या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांची पोरंसुद्धा वाजवायला लागलीत. जॅझचा इतिहास सांगताना आपण फक्त कोण कुठल्या रेकॉर्डवर होतं ते मोजतो, आणि त्या मोजणीत हे सगळं कुठेच बसत नाही.

ज्यांनी काहीच ऐकलं नाहीये त्यांनी 1960चा सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ वर्कशॉपमधला लाइव्ह रेकॉर्ड ऐका, बेसवर सॅम जोन्स, ड्रम्सवर लुई हेज. मग 1969चा ‘मॅग्निफिसंट’. पण खरं सांगू का, आधी एखादा क्लासचा व्हिडिओ लावा, अख्खा बघा, मग रेकॉर्ड. आणि कुणाला ते आठ सुरांचं प्रकरण कीबोर्डवर करून बघायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी पट्टीसकट लिहून देते.