सकाळ जुळेल, संध्याकाळचे काय?

पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कला रोज जाणाऱ्यांसाठी कारपूल (एकाच खासगी गाडीतून खर्च वाटून प्रवास) जुळवून देणारी ऑनलाइन सेवा सुरू करावी, असे सुचवणारा लेख वाचला. ही कल्पना मला पटते. मात्र मार्ग आणि वेळ जुळली की काम झाले, हे लेखातील गृहीतक अपुरे वाटते. कोथरूडहून चांदणी चौकमार्गे सकाळी साडेआठला निघणारे बरेच जण सापडतील, पण एकाला फेज १ला उतरायचे आणि दुसऱ्याला फेज ३ गाठायचे असेल, तर ऐन गर्दीत गाडीवाल्याला काही किलोमीटरचा हेलपाटा पडतो आणि तो लवकरच कंटाळतो. परतीचे तर त्याहून अवघड. परदेशी ग्राहकाबरोबरचा कॉल लांबला, की सहाला निघणारा आठला निघतो आणि सोबतचा ताटकळतो. म्हणून जाणे आणि येणे यांची नोंद स्वतंत्र असावी, आणि सुरुवात साऱ्या पुण्यासाठी न करता एकाच पट्ट्यापुरती करावी.

पैशांचा मुद्दा लेखात एका ओळीत उरकला आहे, तो इतका साधा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार भाडे घेऊन प्रवासी नेण्यास परवाना लागतो, आणि खासगी गाडीच्या विम्यातून असा वापर सहसा वगळलेला असतो. ॲपवरून प्रवास जुळवणाऱ्या सेवांसाठीच्या केंद्राच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी गाडीला शहरांतर्गत दिवसाला चार फेऱ्यांपर्यंत मुभा होती, तीही राज्याची मनाई नसेल तरच. त्यामुळे इंधन आणि टोलचा वाटा सेवेनेच काढून द्यावा, आणि त्यावर एक रुपयाही कोणाला आकारू देऊ नये.